समुद्रातलं गाजरगवत

“खरडू नको वं! हात काढ! एकाचे शंभर होतीन!”

मेश्रामकाकांचा हा आवाज प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीतून निघाला, कोराडी वीज केंद्राच्या चिमणीवर आपटला आणि परत आला, असं मी कुठल्याही कोर्टात सांगायला तयार आहे. मी शेजारी माझ्या अंगणात गिऱ्हाइकाच्या कूलरच्या टाकीला डांबर फासत होतो. ब्रश टाकून धावलो. माझ्याआधी अर्धी गल्ली दारात जमली होती. नवरा-बायकोचं भांडण पाहायला मिळणार म्हणून एक बाई तर कुकर बंद करून आली होती. आत पाहतो तर सुमनकाकू स्टुलावर उभ्या, पदर खोचलेला, उजवा हात खांद्यापर्यंत काचेच्या टाकीत. हातात तारेची घासणी. खिचडी लागलेलं पातेलं घासावं तशा त्या पाण्यातला दगड घासत होत्या आणि काका खालून त्यांच्या कोपराला लोंबकळत होते.

“महिन्याभरापासून त्या गवताशी नुसते बोलून राहिले तुम्ही,” काकू घासणी न थांबवता म्हणाल्या. “बोलून कोणी जाते का?”

नागपुरातून कुठल्याही दिशेनं निघा, समुद्र इतका लांब की पोहोचेपर्यंत माणूस पोहणं विसरतो. तो समुद्र काकांनी आपल्या हॉलमध्ये आणून ठेवला होता. भिंतीएवढी काचेची टाकी, वर निळा दिवा, नारंगी पट्ट्यांच्या माशांची जोडी, झुलणारी पोवळी आणि चेन्नईहून थर्माकोलच्या खोक्यात, ओल्या कागदात गुंडाळून रेल्वेनं आलेले दगड. हे दगड जिवंत असतात. म्हणजे त्यांच्या भोकाभोकांत काहीबाही जगत असतं आणि त्यावरच टाकीचं पाणी निर्मळ राहतं. “लोक गाय पाळतात, कुत्रं पाळतात,” काकू आल्यागेल्याला सांगायच्या. “आमच्या घरी दगड पाळून राहिले.”

काका कोराडीच्या वीज केंद्रात होते, पाण्याच्या प्रयोगशाळेत. बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्यातून मीठ काढायचं, कणभरही ठेवायचं नाही, एवढंच काम त्यांनी जन्मभर केलं. निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात उलटं सुरू झालं. शुद्ध पाणी घ्यायचं आणि त्यात मोजून मीठ घालायचं. मी विचारलं, काका, काहून? तर म्हणाले, “जे जन्मभर फेकलं गा, त्याच्यात काय जगते ते तरी पाहावं म्हटलं.”

प्रयोगशाळेची आणखी एक सवय त्यांच्या अंगात कायमची मुरली होती. एखादं माप एकदा आलं की ते खरं मानायचं नाही. पुन्हा घ्यायचं, पुन्हा तेच आलं पाहिजे, मगच साहेबाला कळवायचं. “एका रीडिंगवर वर सांगायचं नाही,” हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणायचे की त्यांच्या घरच्या पोपटानंही ते पाठ केलं असतं, पोपट असता तर. एकदा गल्लीत नाग निघाला. काकांनी तो पहिल्यांदा पाहिला आणि गप्प बसले. दुसऱ्यांदा पाहिला, तरी गप्प. तिसऱ्यांदा दिसला तेव्हा तो माझ्या कूलरच्या गवतात वेटोळं घालून वारा खात होता आणि खाली मी झोपलो होतो. मग काकांनी हाक मारली, तीही हळूच. “प्रकाश, आता पक्कं झालं गा. नागच आहे.”

तर त्या दिवशी काकू जे खरडत होत्या ते याच चेन्नईच्या दगडातून आलं होतं. पारदर्शक, तपकिरी देठ, वर झालरीसारखी बारीक बोटं, मिरचीच्या फुलाहून थोडं मोठं. त्याला इंग्रजीत काहीतरी शास्त्रोक्त नाव आहे. काकांनी ते मला तीनदा सांगितलं आणि मी चारदा विसरलो. ते स्वतः त्याला गाजरगवत म्हणायचे. वावरात गाजरगवत एकदा शिरलं की पिकाचं काय होतं ते विदर्भात कोणाला सांगावं लागत नाही. तेच हे, फक्त खाऱ्या पाण्यातलं. शेजारच्या पोवळ्याला डंख मारतं आणि त्याची जागा घेतं. हात लावला की भोकात आक्रसून बसतं. तोडलं तर तुटलेल्या प्रत्येक तुकड्याचं नवं गवत होतं. हे काकांनी वाचलं होतं, काकूंनी वाचलं नव्हतं, आणि घासणी काकूंच्या हातात होती. पंधरवड्यात टाकीभर गवत झालं. “पाहा,” काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “तुमच्या शेतीपेक्षा माझ्या हातचं पीक बरं आलं.”

मग युद्ध सुरू झालं. काकांनी लिंबाचा रस टोचून पाहिला, उकळतं पाणी टोचून पाहिलं. गवत त्या पाहुणचारानं आणखी फुगलं. शेवटी औषध सापडलं ते माझ्या खिशात. आमच्या नागपुरात खर्रा घोटायला जो चुना लागतो, तोच. पांढरा, लोण्यासारखा, खायचा चुना. सिरिंजमध्ये भरायचा, पाण्याचा पंप बंद करायचा, गवत पूर्ण फुललेलं असताना त्याच्या अगदी तोंडावर थेंब ठेवायचा. आक्रसलं तरी चुना आत घेऊनच आक्रसतं आणि तिथंच विरतं. ज्या माणसानं कधी सुपारीचं खांड दातांखाली धरलं नव्हतं तो आता रोज सकाळी पानठेल्यावर उभा. सुपारी नको, तंबाखू नको, नुसता चुना. ठेलेवाल्याला तो स्वतःच्या धंद्याचा अपमान वाटला. गल्लीत बातमी पसरली की मेश्राम साहेब म्हातारपणी वाया गेले.

तोडगा सापडल्यावर काकांचं दुसरं वाक्य जन्मलं. “एकही सोडायचं नाही. एक सोडलं की शंभर.” जेवताना, अंघोळीला जाताना, फोनवर सुद्धा. त्यांची एकुलती मुलगी संघमित्रा पुण्यात नोकरीला. ती फोनवर आईची तब्येत विचारायची आणि बापाकडून गवताचा हिशोब ऐकायची. मग हसून तिकडून तीच म्हणायची, बाबा, एकही सोडू नका. सिरिंज फ्रिजमध्ये, दुधाच्या पिशवीशेजारी ठेवलेली असायची. काकू रोज ती तिथून काढून बाहेर ठेवायच्या, काका रोज परत आत ठेवायचे.

त्या हिवाळ्यात काकू पोळ्या लाटता लाटता पडल्या. उजवं अंग गेलं. वाचाही गेली.

दवाखान्यातून आणल्यावर पलंग हॉलमध्येच टाकावा लागला, कारण आतल्या खोलीचं दार अरुंद. डोकं ज्या कुशीवर कलायचं त्या बाजूला टाकी. ज्या बाईनं आल्यागेल्यासमोर त्या दगडांना नावं ठेवली, तिच्या डोळ्यांसमोर आता दिवसभर तेच दगड. एक फिजिओथेरपीवाली ताई यायची. काकूंची उजवी मूठ घट्ट मिटून गेली होती. अंगठा आत, वर चारी बोटं. ताई मूठ उघडायचा प्रयत्न करायची तर काकूंच्या डोळ्यांतून पाणी यायचं. काका स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी विसळायचे. गल्ली हादरेल एवढ्या आवाजात ओरडणारा तो माणूस इतका हळू बोलायला लागला होता की मला हातातली हातोडी थांबवून ऐकावं लागे.

होळी झाली आणि मी त्यांच्या खिडकीत कूलर बसवायला गेलो. मी पट्ट्या कसत होतो. टाकीवरचा दिवा आपोआप लागला. काका सिरिंज घेऊन आले. काकूंच्या अगदी समोरच्या दगडावर एक गवत हळूहळू फुलत होतं, एकेक बोट सोडत. काकांनी पाण्यात हात घातला आणि मागून काकूंच्या घशातून आवाज आला. पडल्यापासून पहिला. आम्ही दोघांनी वळून पाहिलं. काकू आमच्याकडे पाहत नव्हत्या, गवताकडे पाहत होत्या. आणि चादरीवर त्यांच्या मिटलेल्या मुठीतून अंगठा बाहेर आला. त्याच्यामागून पहिलं बोट थोडं उचललं, थरथरलं आणि परत मिटलं.

काकांचा हात पाण्यातच राहिला.

“तू पाहिलं का?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मी नाचणारच होतो, गल्लीला ओरडून सांगणार होतो, संघमित्राला फोन लावायला खिशात हात घातला होता. काकांनी ओल्या हातानं माझं मनगट धरलं. “एका रीडिंगवर नाही गा,” ते म्हणाले. सिरिंज तशीच भरलेली त्यांनी फ्रिजमध्ये नेऊन ठेवली.

तेव्हापासून त्या घरात रोज सकाळी एकच कार्यक्रम. दिवा लागायचा, गवत फुलायला लागायचं, काका पलंगाशेजारी खुर्ची ओढून म्हणायचे, “उघड वं.” काकू गवतासोबत उघडायच्या. मग काका काठीच्या टोकानं गवताला हळूच स्पर्श करायचे. ते आक्रसायचं. “मीट.” काकू मिटायच्या. पुन्हा. अंगठा आला, पहिलं बोट आलं, काही आठवड्यांनी मधलंही पूर्ण आलं. फिजिओच्या ताईला वाटायचं तिनं दाबायला दिलेला चेंडू काम करतोय. काका म्हणायचे, तिले तसं वाटू दे.

आणि बाकीची टाकी? ते एक सोडलेलं गवत रोज पिल्लं टाकत होतं. काका रोज दुपारी त्यांच्यावर चुना टाकत होते. आई राखायची आणि लेकरं मारायची, असलं उलटं काम मी तरी कुठं पाहिलं नाही. हात कमी पडत होते. पोवळी एकेक करून पांढरी पडली, मग दगड झाली. वर्षानुवर्षं जपलेला समुद्र उन्हाळ्यातल्या डबक्यासारखा तपकिरी दिसायला लागला. मी एकदा म्हटलं, काका, तुमची टाकी गेली. ते म्हणाले, “जाऊ दे. तिचं मधलं बोट आलं.”

मी त्यांच्या मागे लागलो होतो की पोरीला सांगा. ती फोनवर रडते, मला भिंतीपलीकडे कळतं. तिला ते रोज एकच सांगायचे, आई आहे तशीच आहे. “अर्धी आशा देऊ काय तिले?” ते म्हणायचे. “चौथं बोट येऊ दे. चमचा धरू दे. मग पक्कं सांगतो.”

मे महिन्यात संघमित्रा रजा काढून आली. आमच्याकडे मे महिन्यात सावलीसुद्धा सावली शोधत फिरते. ती आली त्याच रात्री टाकीचं पाणी थंड ठेवणारं यंत्र बिघडलं. सकाळी पाणी इतकं तापलं होतं की मासे कोपऱ्यात तोंड वर करून होते. दिवा लागायच्या आत काकांनी मला उठवलं आणि आम्ही स्कूटरवर बर्फाच्या कारखान्याकडे निघालो. मागे बसून ते माझ्या कानात बोलत होते, आणि किती महिन्यांनी त्यांचा जुना आवाज निघाला होता. चौथं बोट आलं होतं. तीन दिवस लागोपाठ आलं होतं. “आज पोरीले दाखवतो गा. आता पक्कं आहे. बर्फ टाकला का पहिले तेच.”

बारदानात गुंडाळलेली लादी घेऊन आम्ही दारात पोहोचलो. संघमित्रा स्टुलावर उभी होती. तशीच, आईसारखी, ओढणी कमरेला बांधलेली, उजवा हात खांद्यापर्यंत टाकीत. बोटं चुन्यानं पांढरी. हातात रिकामी सिरिंज.

“बाबा, बघा,” ती म्हणाली. तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. “तुमच्यानं आता होत नाही म्हणून मी केलं. पूर्ण टाकी. एकही नाही सोडलं.”

काकूंसमोरच्या दगडावर पांढरा ठिपका होता. काकू त्याच्याकडे पाहत होत्या. मूठ मिटलेली.

मी तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, फक्त बारदानाचं दुसरं टोक माझ्या हातात असं खेचलं की माझा शब्द तिथंच राहिला. बर्फाचं पाणी त्यांच्या चपलांवर ठिबकत होतं.

“हात धुऊन घे बाई,” ते म्हणाले. “चुना झोंबते.”

दुसऱ्या दिवशी दिवा लागला तेव्हा काका खुर्ची ओढून बसले. “उघड वं.” काकू दगडाकडे पाहत राहिल्या. काकांनी स्वतःच्या हाताचीच बोटं उघडून दाखवली, आक्रसून दाखवली, पुन्हा उघडून दाखवली. संघमित्रा चहा घेऊन आली आणि म्हणाली, बाबा, ताई करेल ना व्यायाम, तुम्ही कशाला दमता. ते हो म्हणाले. रजा संपल्यावर ती गेली. जाताना आईच्या मिटलेल्या मुठीवर ओठ टेकून गेली.

ती गेली आणि काकांनी टाकीचा प्रत्येक दगड टॉर्च लावून, भिंग लावून तपासला. ज्या गवतानं एका घासणीतून टाकी भरली होती त्याचा एक तुकडाही कुठल्या भोकात उरला नव्हता. पोरगी बापाची होती. काम तिनं चोख केलं होतं. आम्ही सीताबर्डीपासून सगळी माशांची दुकानं पालथी घातली. दुकानदार म्हणायचे, ते मारायचं औषध आहे. काका म्हणायचे, मले ते जिवंत पाहिजे. एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, यांचं सगळं ठीक आहे ना? मी त्याला सांगितलं की हे मोठे शास्त्रज्ञ आहेत, जपानहून बोलावणं आहे, आणि तो ताबडतोब उठून उभा राहिला. पण गवत त्याच्याकडे नव्हतं.

ते शेवटी कामठीत सापडलं. एका कापडाच्या मागवाल्याकडे. त्याच्या बैठकीत टाकी होती आणि मागांच्या खडखडाटात तिचं पाणी आपोआप हलायचं, पंपाची गरजच नसावी. टाकी गवतानं गच्च होती. पूर्ण दगड न्या, तो म्हणाला, आणि आम्ही खरोखर नेतोय म्हटल्यावर त्यानं चहाही पाजला. माझी स्कूटर त्या दिवशी बंद होती. स्टीलच्या डब्यात खारं पाणी, त्यात दगड, डबा काकांच्या मांडीवर, असे आम्ही शेअर ऑटोत बसलो. समोरच्या बाईनं विचारलं, एवढं सांभाळून काय आहे गा डब्यात? एरवी मी तिला नागपूरपर्यंत पुरेल एवढं काहीतरी ऐकवलं असतं. त्या दिवशी सुचलं नाही. मी म्हटलं, “फूल आहे.”

काकांनी तो दगड काकूंच्या नजरेसमोर ठेवला. नव्या पाण्यात गवत भोकात दडून बसलं. काका म्हणाले, दोन दिवस घेते ते, मग उघडते. दुसऱ्या दिवशी काकूंना ताप भरला. मग दुसरा झटका आला. दवाखान्यातून त्यांना परत आणलं तेव्हा पलंगाची गरज उरली नव्हती.

हॉलमध्ये माणसं मावत नव्हती. कोणीतरी टाकीवर चादर टाकायला निघालं, तेवढ्यात रोजच्या वेळेला दिवा लागला. गल्लीतल्या बायका रडत होत्या, संघमित्रा पुण्याहून अजून पोहोचायची होती. काका भिंतीला टेकून बसले होते आणि समोर ते हळूहळू फुलत होतं. एकेक बोट सोडत. पूर्ण फुललं. मी मान फिरवली. त्यांनी फिरवली नाही.

काकूंच्या पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी मी त्यांना अंगणात विचारलं, पोरीला सांगणार का?

“काय सांगू?” ते म्हणाले. “पक्कं कुठं होतं गा? चार बोटं उघडली म्हणजे हात आला असं नाही. दोन-तीन रीडिंगवर काही धरता येत नाही.”

माझी उभी हयात खोटं बोलण्यात गेली. खोटं मला दोन गल्ल्या आधी ओळखू येतं. मेश्रामकाका ते बहुतेक जन्मात पहिल्यांदा बोलत होते आणि फार वाईट बोलत होते. मी म्हटलं, बरोबर आहे काका. पक्कं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी वंदना झाली, जेवणं झाली, माणसं गेली. मी आणि काका सतरंजी घडी करत होतो. संघमित्रा आईच्या पलंगाच्या रिकाम्या जागेत उभी राहून टाकीकडे पाहत होती. मग ती वाकली. काचेला नाक लावलं.

“बाबा,” ती म्हणाली, “एक राहिलंच होतं बघा. आईच्या अगदी समोर. माझ्याकडून सुटलं.” आणि मग रडण्यानं बसलेल्या आवाजात, “मारू?”

सतरंजीचं माझ्याकडचं टोक माझ्या हातातून सुटलं. काकांनी ते उचललं, घडी पूर्ण केली, वर हात फिरवून सुरकुती काढली.

“फ्रिजात चुना आहे,” ते म्हणाले.